टीव्हीतली ज्यू आई आणि माझी शेजारीण

हल्ली दुपारचं जेवण झालं की मी बेसमेंटमधल्या सोफ्यावर जरा पाठ टेकते, आणि मग त्या येतात. बूट दाराशी काढून येतात, एवढं वळण आता त्यांना लागलंय. पुढे असते ती आई, पोटाशी सुपाचं पातेलं धरलेली. तिच्या मागे लांब नखांची मुलगी, दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या. मग नाकातून बोलणारी एक मावशी. आणि शेवटी, अलीकडेच येऊ लागलेली, विस्कटल्या केसांची एक तरुण बाई. तिच्या हातात माइक असतो आणि ती कुणालाच बसायला जागा देत नाही. या सगळ्या टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमधल्या ज्यू बायका. पन्नासएक वर्षं मी त्यांना बघत आले. वर छोट्या खिडकीपर्यंत बर्फ चढलेला असतो, उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. घर तापवणारी फर्नेस घरघरते. सूपवाली आई माझ्यावर वाकून विचारते, "जेवलीस का?"

"जेवले," मी झोपेतच म्हणते. "पण बाई, तुमच्यामुळे मी एकदा फार मोठा गाढवपणा केला."

यावर त्या हसतात. त्यांच्या मागे न दिसणारी शेदोनशे माणसंही हसतात. मग मी जागी होते.

गाढवपणा माझाच होता हे उघड आहे. टीव्हीला कशाला दोष द्या. पण तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. चोविसाव्या वर्षी नवऱ्यामागून कॅनडात, एडमंटनला आले, ती एका बॅगेत तीन किलो साबुदाणा आणि डोक्यात पुण्याचा रुबाब घेऊन. जगात जे शिकण्यासारखं आहे ते सदाशिव पेठेत आधीच शिकवून झालेलं आहे, अशी माझी ठाम समजूत. इंग्रजीत पहिला वर्ग. आणि ग्रोसरीच्या काउंटरवरची बाई काय म्हणते त्यातलं एक अक्षर कळेना. तिनं काहीही विचारलं की मी "थँक यू" म्हणायचे. त्यामुळे कितीतरी नको असलेल्या वस्तू त्या वर्षी घरात आल्या.

मग नवऱ्यानं जुना टीव्ही आणला. सशाच्या कानांसारखा अँटेना, त्याला चांदीचा कागद गुंडाळलेला. नवरा सकाळी बस पकडून कामाला गेला की मी साडीवर दोन स्वेटर, पायात त्याचे लोकरीचे मोजे, अशा अवतारात बेसमेंटमध्ये उतरायचे आणि दुपारभर जुन्या विनोदी मालिका बघायचे. बोलणं कळायचं नाही. पण मागे माणसं हसायची ना, तेवढ्यावर माझं भागायचं. ती हसली की मी हसायचे. अर्धा क्षण उशिरा, पण मनापासून. विनोद कळायच्या आधी मी हसायला शिकले.

त्यात ती आई भेटली. एकाच मालिकेत नव्हे, जिथे तिथे. कधी खिडकीतून ओरडणारी, कधी नुसता फोनवरचा आवाज. मुलानं फोन केला नाही म्हणून ती मरायला टेकलेली असायची आणि त्यानं केला की "आता बरी आठवण झाली" म्हणायची. पाहुण्याला चौथ्यांदा वाढायची. सुनेचं सगळं छान आहे असं अशा काही स्वरात सांगायची की सुनेनं घर सोडावं. ती ज्यू आहे, हे मला नवऱ्यानं सांगितलं. मी म्हटलं, "अरे, ही तर माझी आत्या!" पण या वाक्यावर पुढे विचार करावा एवढी अक्कल मला नव्हती. आत्या ती आत्या आणि ज्यू ते ज्यू. ज्यू बायका म्हणजे नाकातून बोलणाऱ्या, पोटभर खायला घालून वर टोचून बोलणाऱ्या. झालं, माझा अभ्यास पूर्ण.

त्याच हिवाळ्यात ग्रोसरीच्या रांगेत माझ्या मागे कुणीतरी पुटपुटलं, "अगं आई गं, बोटं गेली माझी." मराठीत! मी वळून बघितलं. सावळी, ठसठशीत, कोटाच्या बाहीतून हिरव्या बांगड्या डोकावणाऱ्या. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. आडनाव विचारलं तर शेवटी 'कर' असलेलं, अलिबागजवळच्या गावावरून पडलेलं. राहायला आमच्याच रस्त्यावर, दोन घरं सोडून. मला रडूच फुटलं. तिनं मला बर्फातून घरापर्यंत आणलं आणि वाटेत एवढंच विचारलं, "ह्या काकड्यांच्या लोणच्याच्या सहा बरण्या कशाला घेतल्यास?"

लगेच मी तिला शनिवारी जेवायला बोलावलं. तर म्हणाली, "शनिवारी नको. शनिवारी मी चूल पेटवत नाही."

आता पुण्याच्या बाईला शनिवार म्हटल्यावर काय सुचणार? मारुती. म्हटलं, बिचारी कडक उपास करतेय, तोही या थंडीत. त्या शनिवारी मी तूप-जिऱ्यात साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं, आणि डबा शालीत गुंडाळून तिच्या दारात. तिनं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा घेतला. पुढच्या शनिवारी पुन्हा. असे पाच शनिवार. पाचव्या शनिवारी मी विचारलं, "उद्यापन कधी करणार?"

"कसलं उद्यापन?"

"मारुतीच्या उपासाचं."

"अगं, कसला मारुती! मी ज्यू आहे. शनिवार आमचा विश्रांतीचा. जेवण मी शुक्रवारीच करून ठेवते."

"मग पाच आठवडे माझी खिचडी का खाल्लीस?"

"चांगली होती," ती म्हणाली. "मीठ जरा कमी असतं."

मी दारातल्या बर्फात उभी आणि तोंडातून काय निघावं? "ज्यू? पण तू तर त्यांच्यासारखी बोलतच नाहीस!"

"कुणासारखी?"

"त्या... टीव्हीतल्या."

ती खूप हसली. मला वाटलं, मी विनोद केला. तिचे पूर्वज म्हणे फार फार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागले. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. तिच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी पेल्यात खोबरेल तेल घालून वाती लावायची पद्धत. एडमंटनमध्ये तेल थिजून दगड व्हायचं, म्हणून शुक्रवारी दुपारी ती बाटली पोटाशी धरून बसायची. तिची जात, तिचा देव आणि तिची बाटली, हे सगळं मी टीव्हीत कुठं बसतंय का म्हणून शोधत होते.

पण मैत्री जमली. दर मंगळवारी दुपारी ती माझ्या बेसमेंटमध्ये यायची. एका पांघरुणात दोघींचे पाय, मध्ये शेंगदाणे. तिचं इंग्रजी बरं होतं, ती विनोद समजावून सांगायची. पण ज्यू विनोद आला की मी तिच्याकडे बघायचे, जणू तिच्या माहेरचीच गोष्ट चाललीय.

"ते सुपातले गोळे कसले गं?"

"मला काय ठाऊक! आमच्याकडे कोंबडीच्या रश्शात नारळ असतो."

"पण तुम्ही ज्यू ना?"

"हो. आणि तू हिंदू ना? मग सांग बरं, नेपाळी हिंदू श्राद्धाला काय करतात?"

मी विचार केला. दोन मिनिटं. तेवढं मला त्या काळी खूप होतं.

ती बघायची बारीक. एकदा म्हणाली, "तुझ्या लक्षात आलंय का? मुलगा ज्यू असतो, त्याची आई ज्यू असते आणि त्याला आवडते ती मुलगी नेहमी सोनेरी केसांची. मधल्या वयाच्या आम्ही जातो कुठं? एकदम आईच होतो की काय?" आणि आणखी एकदा, लांब नखांच्या मुलीची थट्टा चालली असताना, "इथल्या आमच्या प्रार्थनाघरातल्या बायकाही मला विचारतात, तू नक्की ज्यू आहेस ना गं? त्यांना तरी टीव्हीत स्वतःची वाकडी का होईना, सावली दिसते. मला तीही नाही." मी शेंगदाणे सोलत होते. मागची माणसं हसली, म्हणून मीही हसले.

आणि मग ती संक्रांत.

दुसऱ्या हिवाळ्यातली. गावातल्या बारा मराठी बायका मी हळदीकुंकवाला बोलावल्या. बाहेर उणे तीस, आत बाराजणी काठापदराच्या साड्यांत आणि जाड मोज्यांत. वाण म्हणून मी गाडीवरचा बर्फ खरवडायच्या ब्रशांना लाल रिबिनी बांधून ठेवलेल्या. शेजारीण आली. तिनं आधीच सांगितलं होतं, कुंकू नको, हाताला हळद लाव. मी हळद लावत असताना एकीनं विचारलं, "ह्या कोण? कुंकू नाही लावत?"

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. मला कोण चेव आला! मी माझ्या मैत्रिणीची बाजू घ्यायची ठरवली. खांदे ताठ केले आणि म्हटलं, "ही ज्यू आहे. पण टीव्हीवर दाखवतात ना, तशी नाही हं. चांगली आहे."

बाराजणी हसल्या. अगदी एका सुरात, टीव्हीतल्या मागच्या माणसांसारख्या. आणि मीही हसले. या वेळी उशीर न करता.

तिनं तिळगूळ घेतला. "गोड बोला," म्हणाली. ब्रश काखेत मारला आणि गेली. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली म्हणून सांगू! आपण कसं मैत्रिणीसाठी उभं राहिलो, या समाधानात. असली माणसं गाढ झोपतात, हे मला आता कळतं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. मी सर्दी असेल म्हटलं. मग कामं असतील म्हटलं. नवरा म्हणाला, "जाऊन विचार ना." तर मी म्हणाले, "तिनं यावं." आम्ही पुण्याचे. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी बेसमेंटमध्ये एकटी बसायचे आणि सूपवाली आई हसवायची तेव्हा अर्ध्या पांघरुणाकडे बघायचे. कधीतरी एका मंगळवारी, कानाशी मागची माणसं खो खो करत असताना, ते बाराजणींचं हसणं मला ऐकू आलं. तसंच, एका सुरात. मी उठून टीव्ही बंद केला. हा किस्सा ऐकून माझी नात म्हणते, "आजी, यू वर द व्हिलन." होतेच. आणि खलनायिकेनं तरी निदान माफी मागावी, तर तेही नाही.

बर्फ वितळायला लागला तेव्हा ती आली. हातात माझा खिचडीचा डबा, धुतलेला. सोफ्यावर आपल्या जागी बसली, पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "काय चाललंय?" मी म्हटलं, "मुलानं फोन केलेला नाही." आम्ही बघत बसलो. माफी राहून गेली. म्हटलं, पुढच्या मंगळवारी.

असे किती मंगळवार गेले ते कोण सांगणार! टीव्ही रुंद होत गेला आणि आम्हीही. खोकं गेलं, पाटी आली. सूपवाली आई मागे पडली आणि तिची मुलगी पुढे आली, चिडकी, हुशार, नाकावरून स्वतःच विनोद करणारी. मग प्रेमात आपटी खाणाऱ्या, भाडं थकवणाऱ्या, आईचा फोन न उचलणाऱ्या आल्या. एका मालिकेत तर बाईच प्रार्थनाघरात प्रार्थना सांगणारी. शेजारीण कौतुकानं म्हणायची, "बघ, आता ह्या स्वतःच लिहितात. म्हणून मधल्या वयाच्या परत आल्या." दरम्यान माझा नवरा गेला, तिचा गेला. माझा मुलगा ओटावाजवळ कनाटाला नोकरीला गेला आणि दर रविवारी मी फोनवर विचारू लागले, "जेवलास का? विंटर टायर्स लावलेस का? नाही, मी मजेत आहे, माझं काय, एकटी बाई, पडले तर कुणीतरी बघेलच." फोन ठेवला की शेजारीण सोफ्यावरून टाळ्या वाजवायची. "वा! आता तू पक्की ज्यू आई."

आणि दर वेळी माफीचं ते वाक्य माझ्या ओठांवर यायचं आणि मी चहा ठेवायला उठायचे.

या हिवाळ्यात तिच्या गुडघ्यांनी जिने नाकारले. मुलगी व्हँकुव्हरला सिनेमाच्या कामात आहे, ती म्हणाली, आई, बास झालं आता. घर विकलं. जायला दोन दिवस राहिले तेव्हा शेवटचा मंगळवार आला. जिना मी तिला एकेक पायरी धरून उतरवला. नवी कुठलीशी मालिका लावली, त्या माइकवाल्या बाईसारख्याच एकीची. तिच्या आजीच्या पुण्यतिथीचा प्रसंग होता, प्रार्थनाघर भरलेलं. शेजारीण एकदम म्हणाली, "थांब. मागे घे."

मी मागे घेतलं.

"अजून थोडं. इथं. थांबव."

चित्र थांबलं. तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून, एक म्हातारी बसलेली. सावळी. डोक्यावर पातळ पांढरी ओढणी. तिला एकही वाक्य नव्हतं, बहुतेक रोजावर आणून बसवलेली असेल. चारेक सेकंद होती ती. नंतर कॅमेरा पुढे जायचा.

"ही," शेजारीण म्हणाली. "ही मी."

आम्ही ती चार सेकंदं कितीदा बघितली! मागे घ्यायची, सोडायची. बाहेर बर्फ पडायला लागला होता, भुरभुर, आवाज नसलेला. खोलीत टीव्हीचा निळसर उजेड तळ्यासारखा भरला होता आणि त्यात ती माझ्या शेजारी बसलेली, आणि तिथंही बसलेली. तिचे ओठ हलत होते. ती त्या बाईच्या जागेवरून प्रार्थना म्हणत होती की काय, मला माहीत नाही. मी 'माझं चुकलं' म्हणणार होते. शप्पथ, म्हणणार होते. आणि मी म्हटलं, "चहा टाकू?"

गुरुवारी तिच्या घरी मलिदा होता. काही नवं सुरू करायचं असलं, कुठं जायचं असलं, की त्यांच्यात त्यांच्या प्रेषिताच्या नावानं हा प्रसाद करतात. पातळ पोहे भिजवायचे, त्यात साखर, खोवलेला नारळ, वेलची, वर पाच फळं. घर रिकामं झालेलं. खोक्यांच्या ढिगात एकच टेबल राहिलेलं आणि आमचे आवाज भिंतींवरून परत येत होते. मी फ्रीझरमधल्या खोवलेल्या नारळाचा गोळा हातानं फोडत होते, ती केळी कापत होती. मुलगी विमानतळाच्या गाडीचं बघायला बाहेर गेली होती. म्हटलं, आत्ता नाही तर मग फोनवरच. आणि फोनवर मी फक्त विंटर टायर्सबद्दल बोलते.

"त्या संक्रांतीला," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"तुला माहितीये कुठल्या."

तिची सुरी थांबली. "'चांगली आहे,'" ती म्हणाली. अगदी माझ्या तेव्हाच्या ताठ आवाजात. पन्नास वर्षं जपून ठेवलेला आवाज! माझ्या हातातला नारळ खाली पडला.

"मी चुकले गं," मी म्हटलं. "तेव्हाच यायला हवं होतं मी. दोन घरं तर सोडून होतीस."

तिनं कापलेली केळी ताटात सरकवली. मग म्हणाली, "त्या रात्री झोप लागली होती तुला?"

"छान लागली होती." खोटं कशाला बोलू?

"वाटलंच. मला नाही लागली." तिनं पुन्हा केळं घेतलं. "मार्चमध्ये मी आमच्या प्रार्थनाघरातल्या बायकांना तुझ्याबद्दल सांगितलं. म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे. पुण्याची आहे, पण चहा विचारते."

"त्यांना काय कळणार पुण्याचं!"

"नाहीच कळलं. आधी पुणं समजावून सांगितलं. मग हसल्या. चांगल्या हसल्या. मला वाटलं, फिटंफाट. घरी आले आणि मला ते हसणं काही बरं वाटेना. म्हटलं, असली मजा एकदा केली तेवढी पुरे. म्हणून तुझा डबा धुऊन आणला." तिनं माझ्याकडे न बघता पोह्यांत हात घातला. "पण माफी मागायला तुला वेळ फार लागला हं."

"लागला."

"नारळ दे."

मी नारळ दिला. दोघींनी मिळून पोहे कालवले. तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, आता सैल झालेल्या. मला एकदम वाटलं, सूपवाली आई, नखांची मुलगी, नाकातली मावशी, तिसऱ्या रांगेतली म्हातारी, सगळ्या त्या रिकाम्या घरात भिंतींना टेकून उभ्या आहेत आणि कुणीही हसत नाहीये. नुसत्या वाट बघताहेत मलिद्याची.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. घर घेतलेल्या जोडप्यातली मुलगी, नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, पडद्यांची मापं घ्यायला आलेली. बूट काढले, मला ओळखत होती, वाकून नमस्कार केला. मग शेजारणीकडे बघून मला हळूच म्हणाली, "काकू, घराचं सगळं एजंटाकडूनच झालं ना, ह्यांना आज पहिल्यांदाच भेटतेय. मराठी आहेत का ह्या?"

शेजारीण केळ्याची सालं गोळा करत होती, पण कान माझ्याकडे. मला कळलं की पन्नास वर्षांनी तीच संक्रांत पुन्हा दारात उभी आहे. या वेळी बर्फाचे ब्रशही नाहीत हातात धरायला.

"ही माझी मैत्रीण," मी म्हटलं. "अलिबागकडची. ज्यू आहे. हा हिचा मलिदा."

आणि तोंड मिटलं. आयुष्यात प्रथमच एवढ्यावर मिटलं. जिभेवर आणखी दहा वाक्यं होती, ती चावून धरली.

शेजारणीनं मान वर केली. क्षणभर माझ्याकडे रोखून बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. मलिद्याचा एक घास तिनं त्या नागपूरच्या मुलीच्या तळहातावर ठेवला.

"आणि ही," ती माझ्याकडे हात करून म्हणाली, "पुण्याची आहे. पण..."

मुलगी वाट बघत राहिली. मीही. शेजारीण दुसरा घास करायला लागली, आणि पुढचं तिनं काही सांगितलं नाही.